‘बाबासाहेबांनी किती सोसले!’ : एक वाक्य आणि आपली मुले

आंबेडकरी घरात वाढलेल्या प्रत्येक मुलाला गोणपाटाची गोष्ट ठाऊक असते. चौदा एप्रिलच्या आदल्या रात्री मुले तिचे पाठांतर करतात, व्यासपीठावर उभे राहून हात हलवीत ती सांगतात, आणि समोर बसलेल्या आयाबाया डोळ्यांना पदर लावतात. लहानपणी आम्हीही ती अशीच सांगितली, आणि शिक्षक झाल्यावर कितीतरी मुलांकडून बसवून घेतली. विद्यालयाच्या या स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा संस्थेचा इतिहास, निकालाची परंपरा असे विषय आमच्यासमोर होते. त्यांवर लिहिणारे अधिकारी लोक या अंकात आहेतच. आम्हाला लिहावयाचे आहे ते त्या गोष्टीविषयी, कारण एकदा तिचा गैरवापर आमच्याच हातून झाला.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका निवासी शाळेत इतिहास शिकवीत होतो. सहावीतला एक मुलगा बोलताना अडखळे. वर्गात त्याला प्रश्न विचारला की मागच्या बाकावरून त्याच्या अडखळण्याची नक्कल होई. वसतिगृहातील मोठी मुले त्याच्याकडून कपडे धुवून घेत, अंघोळीच्या बादल्या भरून घेत, आणि घरून आलेला लाडवांचा डबा त्याच्या आधी तेच उघडत. हे सारे आम्हाला नंतर कळले, असे म्हणण्याची सोय आम्हाला नाही. एके संध्याकाळी आम्ही घटक चाचणीचे पेपर तपासत बसलो असता तो मुलगा दाराशी येऊन उभा राहिला आणि त्याने यातले निम्मे तरी आम्हाला सांगितले. आम्ही लाल पेन खाली ठेवले नाही. आम्ही म्हणालो, “अरे, बाबासाहेबांनी किती सोसले! तू एवढ्याने रडतोस?” तो “हो सर” म्हणाला आणि गेला. त्या दोन शब्दांतही तो अडखळला होता.

दिवाळीच्या सुटीनंतर तो परत आला नाही. त्याची पत्र्याची पेटी नेण्यासाठी वडील आले. गवंडीकाम करणारा माणूस, अंगावर धुतलेला सदरा, नखांत सिमेंट. त्यांनी आम्हाला विचारले, “गुरुजी, त्यानं तुम्हाला काही सांगितलं होतं का?” आम्ही “नाही” म्हणालो.

या ‘नाही’चे ओझे घेऊनच पुढचे लिहीत आहोत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

बाबासाहेबांनी आपल्या बालपणाविषयी स्वतः काय लिहून ठेवले आहे, हे त्या प्रसंगानंतर आम्ही पुन्हा वाचले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात साताऱ्याच्या शाळेचे वर्णन आहे. वर्गात एका कोपऱ्यात वेगळे बसणे, बसायचे गोणपाट रोज संध्याकाळी घरी नेणे व सकाळी परत आणणे, कारण शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी नाही. हे सर्व आपण सांगतोच. पण त्याच लिखाणात घराविषयी जे आले आहे, ते आपल्या भाषणांतून बहुधा गळून जाते. साताऱ्यात न्हाव्यांना तोटा नव्हता, पण या मुलांचे केस कापायला कुणी तयार नव्हते. तेव्हा थोरल्या बहिणीने भावांचे केस स्वतः कापले, आणि कापता कापता ती त्या कामात तरबेज झाली. धोबी कपडे घेत नसत, तर कपडे बहिणी धूत. १९०१ साली वडिलांना भेटण्यासाठी कोरेगावला निघालेली ही भावंडे मसूर स्थानकावर उतरली, तेव्हा त्यांच्या अंगावर नवे शिवलेले सदरे, डोक्यावर झगमगीत टोप्या आणि नेसूला रेशीमकाठी धोतरे होती. स्थानकप्रमुखाला ती ब्राह्मणांचीच मुले वाटली. जात कळल्यावर तो मागे सरला, हे पुढचे. त्याआधीचे असे, की बाहेरचे जग ज्यांना गोणपाटावर बसवीत होते, त्या मुलांना घराने टोपी घालून पाठविले होते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा तपशिलाचे मोल वेगळे वाटते. शाळेने जे हिरावून घेतले ते त्या घराने जमेल तेवढे भरून दिले. आई वारली होती, वडील नोकरीनिमित्त दूर होते, आत्या आणि बहिणी घर सांभाळीत होत्या. तरीही मुलाला एक ठिकाण असे होते जिथे त्याच्या डोक्याला हात लावताना कुणाला विटाळ होत नव्हता.

आणि सुभेदार रामजी? कोरेगावच्या त्या प्रवासात ते मुलांना घ्यायला आले नाहीत, हे खरे. मुलांनी पाठविलेले पत्र नोकराने त्यांच्या हाती दिलेच नव्हते. मुले कशीबशी पोचली, तेव्हा वडील चकित झाले. त्या एका न पोचलेल्या पत्रामुळे मुलांना दुप्पट भाडे मोजावे लागले, गाडीवान खाली चालत असताना बैलगाडी स्वतः हाकावी लागली, आणि जवळ अन्न असूनही पाण्याअभावी रात्र उपाशी काढावी लागली. पुढे मुंबईस परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहून याच रामजींनी मुलाला एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले. पुस्तकासाठी पैसे नसले की ते विवाहित मुलीच्या घरी जात, तिचा दागिना मागून आणून गहाण टाकत आणि पेन्शन हाती आल्यावर सोडवून देत, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. त्याच हायस्कुलात शिक्षकांनी भीमरावाला गणित सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून मुलांनी गलका केला. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला.

तेव्हा ‘बाबासाहेबांनी सोसले’ हे वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. त्यांनी सोसले, आणि त्यांच्या मागे माणसे होती. दुसरे असे, की त्यांनी ते गप्प बसून सोसले नाही. तीसपेक्षा अधिक वर्षे उलटल्यानंतर, जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतल्यानंतरही, त्यांना पाण्याचा तो नळ आणि तो शिपाई लख्ख आठवत होता, आणि तो लिहून ठेवणे त्यांना महत्त्वाचे वाटले. नऊ-दहा वर्षांच्या वयात झालेला अपमान माणूस विसरत नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? ज्या माणसाने आपली वेदना जगाला सांगितली, त्याचेच नाव घेऊन आम्ही एका मुलाला गप्प बसविले होते.

आमच्या पाहण्यात अशी चूक आपल्या घरांतून सर्रास होते. तिची दुसरी आवृत्ती धम्माच्या नावाने होते. राजगृहात एका ब्राह्मणाने तथागतांना शिवीगाळ केली. तेव्हा पाहुण्याने न स्वीकारलेले अन्न यजमानाकडेच राहते, तशी ही शिवी तुझ्याचपाशी राहिली, असे तथागतांनी त्याला सांगितले. ही कथा सांगून आपण मुलाला म्हणतो, ‘तू मनावर घेऊ नकोस म्हणजे झाले.’ पण ते सम्यक संबुद्धाचे उत्तर होते. दहा वर्षांच्या मुलाला ते आज जमावे अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याच्यावर आणखी एक परीक्षा लादणे. शिवाय छळ करणाऱ्याने मूल धरून ठेवलेले असते, त्याची चादर ओली केलेली असते, त्याच्या वहीवर काहीबाही लिहिलेले असते. यातले न स्वीकारण्यासारखे काय आहे?

तिसरी आवृत्ती तावातावाची असते. ‘एक दिलीस तर दोन दे, वाघाचा बच्चा आहेस.’ शरीराने दुबळ्या, एकट्या पडलेल्या मुलाला हे सांगणे म्हणजे मार खायलाच पाठविणे. आणि त्याने खरेच मारले, तर शाळेच्या दप्तरी नाव त्याचेच लागते. आधीचे चार महिने कुणी पाहिलेले नसतात.

मग पालकाने करायचे काय? सर्वप्रथम, आपल्या मुलाने आपल्याला ते सांगावे अशी वाट मोकळी ठेवायची. मुले सरळ येऊन सांगत नाहीत. पोट दुखते म्हणतात, आणि ते नेमके सोमवारी दुखते. पेन, कंपास, टॉवेल वारंवार हरवतात. शाळेतून घरी येताच मूल आधी धावत मोरीकडे जाते, कारण शाळेच्या मुतारीत जायला त्याला भीती वाटते. खेळाच्या तासाचा विषय निघाला की ते बोलणे बदलते. निवासी शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हे ओळखणे अधिकच कठीण. फोनवर ‘बरा आहेस ना?’ विचारले की ‘बरा आहे’ असेच उत्तर येते, कारण फोन कार्यालयातला असतो आणि मागे रांग उभी असते. त्यापेक्षा लहान आणि ठरावीक उत्तर नसलेला प्रश्न विचारावा. आज जेवताना शेजारी कोण होते? तुझ्या खोलीतल्या मुलांची नावे सांग बघू. लाडू कुणाकुणाला आवडले? लाडवांच्या प्रश्नाला मुलगा थबकला, तर रविवारची वाट न पाहता शाळेत यावे. भेटीच्या दिवशी मुलाला आवाराबाहेर थोडे चालायला न्यावे. चालताना मूल जितके बोलते तितके समोरासमोर बसून बोलत नाही, हा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव.

त्याने सांगितले की मध्ये बोलू नये. ‘तूच काही खोडी काढली असशील’ हे तर तोंडातूनही येऊ देऊ नये. खोडी काढली असेलही, ते नंतर कळेल. आईने रडू नये असे आम्ही म्हणणार नाही, पण मुलालाच आईचे डोळे पुसावे लागले तर पुढच्या वेळी ते काही सांगणार नाही. बापाने तडक उठून त्या दुसऱ्या मुलाला रस्त्यात गाठून दटावू नये. त्याने प्रश्न दोन मुलांमधून दोन घरांमध्ये जातो, आणि खेडेगावात दोन घरांतून दोन वस्त्यांमध्ये. मुलाला एवढेच सांगावे, की तू सांगितलेस हे चांगले केलेस, यात तुझी चूक नाही, आणि पुढे काय करायचे ते आपण मिळून ठरवू. शेवटचे शब्द पाळावेत. मुलाला न विचारता वर्गासमोर त्याचे गाऱ्हाणे मांडले, तर त्याची दुसऱ्यांदा मानहानी होते.

नंतर येते लेखी नोंद. याविषयी आम्ही थोडे लांबवून लिहितो, कारण आपली माणसे इथेच कमी पडतात. शाळेत जातात, मुख्याध्यापकांसमोर उभी राहतात, पोटतिडकीने बोलतात, चहा पितात आणि घरी येतात. कागदावर काहीच उरत नाही. आपल्या चळवळीचा इतिहास मात्र अर्जांचा इतिहास आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्याने सरकारकडे अर्ज केला. प्रवेश मिळाला नाही, पण तो अर्ज नोंदला गेल्यामुळे मुंबई सरकारला आपली भूमिका कागदावर मांडावी लागली, आणि वर इंग्लंडपर्यंत त्या प्रश्नाची चर्चा झाली. त्याच्या आदल्याच वर्षी फुले दांपत्याच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, पण तळ्याचा न्यायालयीन निकाल उच्च न्यायालयातून लागला तो १९३७ च्या मार्चमध्ये. दहा वर्षे बाबासाहेबांनी ते प्रकरण कागदपत्रांनिशी लढविले. अशा परंपरेतल्या पालकाला वहीचे एक पान लिहिणे जड जाऊ नये.

मुलाने सांगितलेले त्याच्याच शब्दांत, तारीख, वेळ व ठिकाण घालून लिहून ठेवावे. कोण होते, कुणी पाहिले, शिक्षकांना सांगितले होते का, हेही लिहावे. अंगावर वळ असेल तर डॉक्टरांना दाखवून कागद घ्यावा. मोबाईलवर कुणी काही पाठविले असेल तर रागाने पुसून टाकू नये. त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. मग आधी वर्गशिक्षकांना भेटावे. आमच्या मते निम्मी प्रकरणे इथेच सुटतात, कारण बहुतेक शिक्षक वाईट नसतात, ते पेपर तपासत बसलेले असतात. आठवडाभरात फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच द्यायला कुणी का-कू करील, तर अर्ज टपालाने रजिस्टर करून पाठवावा.

अर्ज हाती असेल तर कायदाही हाती येतो. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १९९९ सालचा आहे. रॅगिंग म्हणजे महाविद्यालयातलीच गोष्ट, अशी आपली समजूत असते. पण या कायद्यातील शिक्षणसंस्थेच्या व्याख्येत वसतिगृहेही येतात, आणि चिडवणे, शिवीगाळ, धमकी, मनाविरुद्ध कामे करायला लावणे, हे सारे रॅगिंगच्या व्याख्येत बसते. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांपैकी कुणीही लेखी तक्रार केली, तर संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी केली पाहिजे. तक्रारीकडे त्याने काणाडोळा केला, तर त्या अपराधाला साहाय्य केल्याचे मानण्याची तरतूदही त्यात आहे. ‘लेखी’ हा शब्द पालकांनी अधोरेखित करावा. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. शिक्षकच मुलाला टाकून बोलत असतील तर हे कलम कामाला येते. त्याच कायद्याप्रमाणे शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. ते सदस्य कोण आहेत हे बहुसंख्य पालकांना ठाऊक नसते, आणि कधी कधी त्या सदस्यांनाही. छळाला लैंगिक स्वरूप असेल तर मात्र शाळेतली पायरी चढत बसू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशा गोष्टीची माहिती ज्याला आहे त्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या अब्रूचा प्रश्न तिथे गौण ठरतो. १०९८ हा बालकांसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक घरातल्या मुलांना पाठ असावा. जातिवाचक अपमान असेल, तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच. परंतु अपमान करणारा अठरा वर्षांखालील असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, हे जाणून पाऊल टाकावे. मुलांच्या भांडणात पहिले पाऊल पोलीस ठाण्यात पडू नये आणि शेवटचे पाऊल ‘जाऊ द्या, मिटवून घ्या’ या वाक्यावर थांबू नये.

हैदराबादच्या विद्यापीठातील रोहितची आई राधिका वेमुला आणि मुंबईत वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या पायलची आई आबेदा तडवी, या दोघींनी २०१९ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांतील जातीय भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. मुले गमावल्यानंतर त्या आयांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी कागद हाती घेतला. आपल्यातील प्रत्येक पालकाने आपले मूल हाताशी असतानाच तो घ्यावा, एवढेच त्यांचे नाव घेऊन सांगावेसे वाटते.

शाळा बदलणे हा शेवटचा उपाय. तो कधी करावाच लागतो, आणि त्यात कमीपणा नाही. पण छळणारा राहतो आणि छळला गेलेला जातो, हा हिशेब शाळेने आधी दुरुस्त केला पाहिजे. तसेच, दोन मुलांना समोरासमोर उभे करून हातात हात देववायचे, हा आम्हा शिक्षकांचा आवडता समारंभ. त्याने शिक्षकाचे समाधान होते. रात्री दिवा मालवल्यावर त्या हातात हाताचे काय होते ते वसतिगृहातल्या मुलांना विचारावे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला ती. आतापर्यंतचे सर्व विवेचन आपले मूल छळले जाते असे गृहीत धरून झाले. आपले मूल छळत असेल तर?

१९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात तिने विद्यार्थी वसतिगृह उघडले. गावच्या शाळेत ज्या मुलांना कोपऱ्यात बसावे लागे त्यांना निदान झोपायला आणि अभ्यासाला सर्वांच्या बरोबरीची जागा असावी, हा त्यामागचा उद्देश. आपले विद्यालय त्याच वाटेवरचे. त्याच्या एका खोलीत काही वर्षांपूर्वी पुढील प्रकार घडला. खोलीतला एक मुलगा फासेपारधी समाजाचा होता. कुणाचा साबण गेला, कुणाची पन्नासाची नोट गेली, की आठवीतला एक मुलगा त्याच्याकडे बोट दाखवी आणि बाकीचे हसत. पुढे पुढे काही न हरवताही ते चालू झाले. सकाळी हजेरीला तो उभा राहिला की मागून कुजबुज होई, ‘खिसे सांभाळा.’ बोट दाखवणारा मुलगा कोण होता? जयंतीला गोणपाटाची गोष्ट सर्वांत चांगली सांगणारा. पंचशील खणखणीत म्हणणारा. बौद्ध घरातला.

इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. स्वतंत्र भारताने १९५२ च्या ऑगस्टअखेर तो कायदा रद्द केला. हे आम्ही वर्गात शिकवीत होतो, तो मुलगाही त्या वर्गात होता, आणि त्याने उत्तरपत्रिकेत ते बरोबर लिहिलेही होते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा इथे उपयोग नव्हता, कारण तो कायदा अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तीने केलेल्या अपमानासाठी आहे. आपण इथे आपल्याच दोन मुलांपुढे उभे होतो.

आम्ही या वेळी पेन खाली ठेवले. अधीक्षकांना घेऊन खोलीतल्या प्रत्येक मुलाशी वेगवेगळे बोललो, लिहून घेतले, पारधी मुलाला विचारून त्याच्या पसंतीच्या खोलीत त्याची व्यवस्था केली, आणि दोन्ही घरी निरोप धाडला. पारधी मुलाची आजी आली. तिने आम्हाला काही विचारले नाही, नातवाचे डोके चाचपून पाहिले आणि रात्रभर त्याच्या खोलीबाहेर बसून राहिली. दुसऱ्या मुलाचे वडील एका कारखान्यात रात्रपाळीचे पहारेकरी. आल्या आल्या त्यांनी पायातली चप्पल काढली. आम्ही त्यांचा हात धरला आणि उदान ग्रंथातला एक प्रसंग त्यांना सांगितला. श्रावस्ती आणि जेतवनाच्या दरम्यान काही मुले मासोळ्यांना छळीत होती. तथागत भिक्षाटनाला निघाले होते, ते मुलांपाशी थांबले. मुलांना त्यांनी शाप दिला नाही, मारले नाही, हुसकावलेही नाही. त्यांनी मुलांना विचारले, तुम्हाला दुःखाची भीती वाटते ना? मुले म्हणाली, वाटते. तिथून पुढे तथागत बोलले.

पहारेकरी बराच वेळ पिंपळाच्या पारावर मुलाशेजारी बसले होते. काय बोलले ते आम्ही ऐकले नाही. नंतर त्यांनी आम्हाला सांगितले, की आपल्या शाळेत त्यांना कोणत्या शब्दाने हाक मारीत असत तो शब्द त्यांनी मुलाला सांगितला. बायकोलाही तो कधी सांगितला नव्हता, म्हणाले. जाताना ते पारधी मुलाच्या आजीच्या पाया पडले. ती अवघडली, उठून उभी राहिली.

मुलाने माफी मागितली, लेखीही दिली. पारधी मुलाने ती घेतली नाही. कागद त्याच्यापुढे धरला तेव्हा तो म्हणाला, “मला नको.” आम्ही आग्रह धरला नाही. पुढची दोन वर्षे ती दोन मुले एकाच भोजनगृहात जेवत होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती. बोट दाखवणाऱ्या मुलाने त्यानंतरच्या जयंतीला भाषण करण्यास नकार दिला. कारण विचारले, तेव्हा म्हणाला, “आधी तो समोर बसतो का बघतो, सर.” तो समोर बसला नाही. त्या वर्षी गोणपाटाची गोष्ट सातवीतल्या एका मुलीने सांगितली.